बोंबील: ओळख आणि आढळ

माशांवरच्या शास्त्रीय ग्रंथांत एकेका जातीला अर्धं-पाऊण पान मिळतं. मांडणी ठरलेली असते. वर लॅटिन नाव, त्याला लागून ते नाव ठेवणाऱ्याचं आडनाव आणि साल. मग परांमधल्या काड्यांचे आकडे, डोक्याचं आणि अंगाचं प्रमाण, डोळे, दात, खवले, रंग. अगदी शेवटी ही जात कुठून कुठपर्यंत सापडते त्याची एक ओळ. या शेवटच्या ओळीला निसर्ग अभ्यासणारी मराठी माणसं ‘आढळ’ म्हणतात. तिच्या आधीच्या सगळ्याला ‘ओळख’ म्हणायला हरकत नाही.

कवितेचं रसग्रहण आपण शाळेपासून करत आलो. या पानाचं कुणी करत नाही. मासा हातात असेल तेव्हा पडताळणीपुरतं ते उघडायचं आणि मिटून ठेवायचं, अशी रीत आहे. मला मात्र ही पानं सलग वाचायला आवडतात. जास्तीचा शब्द नाही, शोभेचं विशेषण नाही, आणि तरी लेखक कसलेला असेल तर मासा दिसतो आणि त्याच्या मागचं पाणीही दिसायला लागतं. बोंबलाचं वर्णन मला यातला उत्तम नमुना वाटतं. त्याची ओळख नीट वाचली की त्याचा आढळ कळतो, आणि आढळ समजला की ओळखीतल्या एकेका खुणेला जागा सापडते.

अफजलपूरकडच्या माणसाने बोंबलावर लिहायला कारण आहे. आमचा तालुका भीमेच्या खोऱ्यातला. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला इंडी आणि आळंद. घरात मराठी आणि बाजारात कन्नड अशी पुष्कळ घरं. अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. ताजा मासा म्हणजे नदीचा. समुद्राचा मासा देशावरच्या बाजारांत पूर्वापार यायचा तो सुका: सुकट, सोडे आणि बोंबील. म्हणजे आमच्या भागाला बोंबील ठाऊक आहे तो त्याच्या निम्म्याअधिक खुणा उन्हात गेल्यानंतरचा. त्या खुणा परत मिळवायच्या तर वर्णनच वाचावं लागतं.

भीमेच्या माशांना त्यांचा वर्णनकार लवकर मिळाला होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी 1820च्या दशकात दख्खनची सांख्यिकी पाहणी करत हिंडला आणि इथल्या नद्यांतले मासे त्याने वर्णन करून ठेवले. त्यांपैकी कित्येकांच्या शास्त्रीय नावापुढे ‘साइक्स, 1839’ अशी नोंद आजही असते, आणि खुद्री, कोलस यांसारखी जातिनामं त्याने स्थानिक लोकांच्या तोंडूनच घेतली. ही वर्णनं वाचताना आढळाची ओळ कधी अडखळवत नाही. नदीच्या माशाचा आढळ खोऱ्याने बांधलेला असतो. डोंगराची धार आली की मासा थांबतो. वाचकाला नकाशा आपोआप दिसतो.

समुद्रात डोंगराची धार नाही. पाणी सगळीकडे सलग आहे. तरीसुद्धा मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर गलबतं भरभरून मिळणारा बोंबील रत्नागिरीच्या दक्षिणेला तुरळक होतो, आणि पुढे गोवा, कर्नाटक, केरळ या लांबलचक किनाऱ्यावर त्याला मासेमारीत म्हणावं असं स्थान नाही. सलग पाण्यात हा मासा का थांबतो? बोंबलाच्या पानावरचा मोठा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच पानाच्या वरच्या भागात, दात-डोळ्यांच्या तपशिलांत विखुरलेलं आहे.

या माशाला शास्त्रीय नाव मिळालं ते मुंबईत नव्हे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने गंगा आणि तिच्या फाट्यांमधल्या माशांवर जो ग्रंथ 1822 साली एडिंबरामधून प्रसिद्ध केला, त्यात बोंबील पहिल्यांदा येतो. पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीकडे, बोंबलाला आणखी एक छोटा मांसल पर असतो. त्यात काड्या नसतात. थंड पाण्यातल्या सामनच्या भाईबंदांना असाच पर असतो. त्या भाईबंदांपैकी एकाच्या, म्हणजे ऑस्मेरसच्या, कुळीत हॅमिल्टनने बोंबील घातला. तीन वर्षांनी, 1825मध्ये, फ्रेंच निसर्गअभ्यासक लस्यूर याने दातांवरून वेगळी प्रजाती केली: हार्पाडॉन. आजचं नाव हार्पाडॉन नेहेरियस. मला या बदलात वर्णनकलेचा एक धडा दिसतो. हॅमिल्टनने पाठीवरची खूण धरली, लस्यूरने तोंडातली. दोन्ही खुणा खऱ्या. पण तोंडातली खूण माशाच्या जगण्याला जास्त जवळची होती, आणि तीच टिकली.

मुंबईशी ज्याचं नाव जगभर जोडलेलं आहे तो मासा विज्ञानाला बंगालच्या पाण्यातून कळला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. आढळाची अर्धी गोष्ट तिथेच सांगून झालेली आहे.

पुढचं मोठं वर्णन फ्रान्सिस डेचं. मद्रास इलाख्यात लष्करी डॉक्टर म्हणून आलेला हा माणूस पुढे हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाचा प्रमुख अधिकारी झाला, आणि 1875 ते 1878 या काळात त्याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा सचित्र ग्रंथ भागाभागांनी निघाला. बरीचशी चित्रं त्याच्या स्वतःच्या हातची. डेची रीत अशी: आधी काड्यांचे आकडे, मग डोक्याची लांबी एकूण लांबीच्या कितवा हिस्सा ते, मग डोळे, दात, पर, खवले, रंग आणि शेवटी ठिकाण. वाचणाऱ्याची नजर तोंडापासून शेपटीकडे सरकत जाते आणि मासा डोळ्यांपुढे लांबतो. शंभर वर्षांनी, 1984 साली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने पश्चिम हिंदी महासागरासाठी माशांची ओळखपत्रकं काढली. त्यांची रीत निराळी. वर रेषाचित्र, त्याखाली ओळखायच्या मोजक्या खुणा, आणि मग एक वेगळं कलम: याच भागात याच्यासारखे दिसणारे मासे कोणते आणि ते वेगळे कसे काढायचे. डे व्यक्तिचित्र लिहितो. पत्रक मात्र बंदरावर टोपली पुढ्यात घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलेलं आहे. भाषेचा विचार केला तर मला डे जवळचा; पण ‘सारखे दिसणारे’ हे कलम ही वर्णनाच्या कलेत पडलेली मोलाची भर आहे, यात शंका नाही.

बोंबलाच्या बाबतीत ते कलम किती कामाचं आहे ते पाहा. आपल्याच किनाऱ्यावर चोर बोंबील नावाचा मासा मिळतो, शास्त्रीय नाव सॉरिडा टुंबिल. दोघे एकाच कुळातले. लांबट अंग, रुंद तोंड, दातांनी भरलेले जबडे, पाठीवर तोच मांसल छोटा पर. नाव ठेवणाऱ्यांनी उगीच चोर म्हटलं नाही. आता फरक वाचा. चोर बोंबलाचं अंग गोलसर, घट्ट, डोक्यामागून शेपटीपर्यंत खवल्यांनी झाकलेलं. बोंबलाचा पुढचा अर्धा भाग उघडा, खवले फक्त मागच्या अर्ध्यावर. चोर बोंबलाचे छातीचे पर आखूड. बोंबलाचे इतके लांब की मागे दुमडले तर पोटाखालच्या परांच्या मुळाच्या पलीकडे जातात. चोर बोंबलाची शेपूट दुभंगलेली, दोन पात्यांची. बोंबलाची तीन पात्यांची.

या तिसऱ्या पात्यापाशी वाचन थांबवावं असं मला वाटतं. बहुतेक माशांच्या दोन्ही कुशींवर खवल्यांची एक वेगळी रांग असते. तिच्यातल्या बारीक छिद्रांखाली पाण्याची हालचाल जाणणारी इंद्रियं असतात. जवळून कुणी गेलं, पाण्याला हिसका बसला, तर मासा ते या रेषेने ओळखतो. साधारणपणे ही रेषा शेपटीच्या मुळाशी संपते. बोंबलाची तिथे संपत नाही. ती शेपटीत शिरते, दोन पात्यांच्या मधोमध पुढे जाते, आणि तिच्याभोवती मधलं टोकदार पातं तयार होतं. उरलेल्या उघड्या अंगावरही ही रेषा खवले घेऊन पुढे डोक्याकडे येते. म्हणजे ज्या माशाने अर्ध्या अंगावरचे खवले सोडून दिले, त्याने या रांगेतले मात्र सोडले नाहीत. उलट शेपटीच्या टोकापर्यंत नेले.

त्याला डोळ्यांचं वाक्य जोडून वाचा. डोळे लहान, आणि तोंडाच्या अगदी पुढच्या टोकाशी. तोंडाची फाट मात्र डोळ्यांच्या कितीतरी मागपर्यंत. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. दात बारीक, लांबीला असमान, आत वळलेले, आणि सगळ्यात लांब दातांच्या टोकाला गळासारखा उलटा काटा. लहान डोळा, लांबलेली स्पर्शरेषा, प्रचंड तोंड, एकदा अडकलं की न सुटणारे दात. या चार खुणा एकत्र ठेवल्या तर माझ्या डोळ्यांपुढे गढूळ पाणी येतं, ज्यात लांबचं दिसत नाही, जवळ आलेलं मात्र सोडून चालत नाही. वर्णनकाराने गढूळ हा शब्द इथे वापरलेला नसतो. तो बऱ्याच ओळींनी, आढळाच्या कलमात येतो. बोंबलाचं मुख्य खाणं जवळा आणि कोळंबीची पिल्लं, बारीक मासे, आणि वेळ पडली तर स्वतःच्याच जातीची पोरंही. जवळ्याचे थवे गाळाच्या उथळ पाण्यातच दाटतात.

अंग मऊ, पाणीदार, जवळजवळ आरपार दिसणारं; रंग फिकट, बारीक ठिपक्यांचा, पर काळपट. ताज्या बोंबलाच्या शंभर भागांत 85 ते 90 भाग पाणी असतं, म्हणून तो हातात धरला तरी दबतो आणि बर्फावाचून टिकत नाही. या मऊपणाचा अर्थ लावताना मात्र घाई करू नये. हार्पाडॉन प्रजातीतले याचे काही भाऊबंद खोल पाण्यात राहतात. त्यांतल्या एकाला गुंथरने मायक्रोकीर म्हटलं ते छातीच्या आखूड परावरून, आणि बंगालच्या उपसागरात ऑल्कॉकला मिळालेला स्क्वॅमोसस हा दुसरा. खोल पाण्यातल्या पुष्कळ माशांचं अंग असंच ढिलं आणि पाणीदार असतं. तेव्हा बोंबलाचा मऊपणा त्याने गाळात येऊन कमावला की घराण्याकडून घेतला, हे एकट्या त्याच्या वर्णनावरून ठरवता येत नाही. लांब परांची गोष्ट वेगळी.  खोलातल्या या भावांकडे ते नाहीत.

आता शेवटची ओळ. संदर्भग्रंथांत ती साधारण अशी असते: सोमालियापासून पापुआ न्यू गिनीपर्यंत, उत्तरेला जपान, दक्षिणेला इंडोनेशिया. वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्या सगळ्या किनाऱ्यावर बोंबील पसरलेला आहे. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दयोगी अव्ययांनी मधलं सगळं भरून टाकलं. प्रत्यक्षात तो तुकड्यातुकड्यांनी आहे. एक तुकडा खंबातचं आखात आणि सौराष्ट्रापासून महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत: जाफराबाद, नवाबंदर, सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा. मग मोठी मोकळी जागा. पूर्वेला आंध्रच्या किनाऱ्यावर थोडा, आणि ओडिशा, पश्चिम बंगाल, बांगलादेश इथे पुन्हा भरपूर. पुढे म्यानमार, मलेशिया, बोर्निओचा पूर्व किनारा, आणि चीनमध्ये फुजियान-झेजियांगकडे परत दाट. सुंदरलाल होरा यांनी 1934 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये बोंबलावर लिहिलं, आणि 1970 साली एस. व्ही. बापट यांची केवळ बोंबलाला वाहिलेली पुस्तिका केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने काढली. एका जातीसाठी स्वतंत्र पुस्तिका निघावी एवढा या तुटक आढळाचा आणि त्यावर चालणाऱ्या धंद्याचा विषय मोठा आहे.

नकाशावर हे तुकडे दूर आहेत, पण पाणी बघितलं तर ती जवळजवळ एकच जागा आहे. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या आसपास जातो, मुंबईला तो चार-पाच मीटर, गोव्याकडे उतरून दोनच्या घरात येतो. नर्मदा, तापी, मही, साबरमती आपला गाळ आणि गोडं पाणी त्या आखातात ओततात. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनशे किलोमीटरांच्या आसपास पसरलेला आहे. दक्षिणेकडे तो चिंचोळा होत जातो. हुगळी आणि मेघनेच्या मुखांशी पुन्हा तेच: मोठ्या नद्या, मोठी भरती, गाळ, कमी खारटपणा. बंगाल आणि खंबात यांच्यामधल्या किनाऱ्यावर एवढं सगळं एकत्र येत नाही. अभ्यासकांनी बोंबलाच्या आढळाला खारटपणा, तापमान आणि प्रवाह यांच्याशी जोडलं आहे ते यामुळेच. डोळ्यांच्या वाक्यातलं गढूळ पाणी इथे त्याच्या जागेवर सापडतं.

कोळी लोकांनी हे वर्णन लिहिलं नाही, पण त्यांच्या जाळ्यात ते आहे. बोंबील मुख्यतः डोलीने धरतात. डोल म्हणजे लांब निमुळती पिशवी. तिचं तोंड खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहासमोर उघडं ठेवायचं. जाळं जागचं हलत नाही. भरती-ओहोटीचा जोर जे वाहून आणेल ते पिशवीत शिरतं, आणि पाणी फिरायच्या आत जाळं उचलतात. ज्या किनाऱ्यावर भरतीला जोर नाही तिथे ही डोल रिकामीच लोंबेल. बोंबलाचा तुकडा आणि डोलीचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जवळजवळ एकमेकांवर बसतात. कुठल्याही पत्रकातली आढळाची ओळ मला इतकी नेमकी वाटत नाही.

भीमा ज्या डोंगरात उगम पावते त्या भीमाशंकरच्या माथ्यावरचा पाऊस दोन्हीकडे वाटला जातो. पश्चिमेला उतरलेलं पाणी उल्हास नदीवाटे वसईच्या खाडीत, बोंबलाच्या मुलखात, थोड्या वेळात पोचतं. पूर्वेला उतरलेलं पंढरपूर, गाणगापूर करत आमच्या शिवारांवरून कृष्णेत जातं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. आम्ही त्या लांबच्या वाटेवर आहोत. बोंबील आमच्यापर्यंत पाण्याने येऊच शकत नाही. तो घाट चढून, पाणी टाकूनच येतो.

पाणी टाकण्याची जागा म्हणजे किनाऱ्यावरची वलांडी. खांब रोवून त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्या किंवा बांबू बांधतात आणि त्यांवर बोंबील टांगतात. टांगायची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. गाठ नाही, सुई नाही. आत वळलेले, उलट्या काट्यांचे दात एकमेकांना धरून राहतात. समुद्राच्या वाऱ्यात दिवसभर हलले तरी जोडी सुटत नाही. लस्यूरने 1825 साली ज्या दातांवरून प्रजाती वेगळी केली, त्याच दातांवर सबंध सुक्या बोंबलाचा व्यवहार टांगलेला आहे. वर्णनातली एक खूण माणसाच्या हातात इतकी उपयोगाची झालेली दुसऱ्या कुठल्या माशात मला माहीत नाही.

आणि मग तो स्वयंपाकघरात येतो. सुका बोंबील करायला घेतला की पहिल्यांदा डोकं मोडतात, मग शेपूट आणि वाळलेले पर. उरलेल्या दांड्याचे तुकडे तव्यावर भाजायचे, कोमट पाण्यात बुडवून धुवायचे, आणि लसूण-मिरचीवर परतायचे किंवा वांग्यात घालायचे. सोबत ज्वारीची भाकरी. चवीला हे बरोबरच आहे. पण डोक्याबरोबर दात आणि डोळा गेला, शेपटीबरोबर तिसरं पातं गेलं, परांबरोबर त्यांची लांबी गेली. डेच्या पानावर जे जे लिहिलं आहे ते सगळं पहिल्या मिनिटात बाजूला पडतं, आणि ताटात येतो तो ओळख नसलेला मासा.

मोडण्याआधी एक बोंबील उजेडात धरून पाहिला तर बरंच शिल्लक दिसतं. तोंडाच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा खळगा, तो डोळा. जबड्यावरून बोट मागे फिरवलं तर सरळ जातं, पुढे ओढलं तर अडकतं. कुशीवरची रेषा वाळल्यावर उलट जास्त उठून दिसते, कारण भोवतालचं मांस आक्रसलेलं असतं आणि खवल्यांची रांग आक्रसत नाही. नखाने ती शेपटीपर्यंत चाचपता येते. शेपूट चुरगळलेली असते. पाण्यात भिजत ठेवली तर पाती सुटी होतात आणि नशिबाने मधलं शाबूत असलं तर तेही दिसतं. पाठीवरचा मांसल छोटा पर, हॅमिल्टनने धरलेली खूण, मात्र वाळून कातडीला चिकटलेला असतो आणि मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. पाण्यातल्या माशात सहज दिसणारी खूण सुक्यात हरवते, आणि पाण्यातल्या माशात भिंगाने बघावी लागणारी सुक्यात वर येते.

म्हणून माशांच्या ओळखपत्रकांविषयी माझी एक मागणी आहे. त्यांत ताज्या माशाच्या खुणा असतात, पिल्लाच्या असतात, काही ठिकाणी बाटलीत जपलेल्या नमुन्याचा रंगही दिलेला असतो. सुक्या माशाचं कलम सहसा नसतं. देशावरच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राचा मासा त्याच एका अवस्थेत पाहिला, आणि बोंबलासारख्या जातीचा मोठा हिस्सा आजही वाळवूनच विकला जातो. कलम लहान असेल: दांडा चपटा, पुढचा अर्धा भाग बिनखवल्यांचा; कुशीवरची रेषा उठलेली आणि शेपटीत शिरलेली; जबडे उघडे, दात आत वळलेले; अंग सगळीकडे खवल्यांचं असेल आणि शेपटीला दोनच पाती असतील तर चोर बोंबील. आणि आढळाच्या ओळीत, खंबात आणि हुगळीच्या पुढे, घाटावरचे बाजारही लिहावेत: सोलापूर, अक्कलकोट, अफजलपूर.